डायलिसिस चालू असताना एमएसडब्ल्यू, आणि घरोघरच्या चहाचं काय करायचं?

उरमोडी
१८ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची, वय २८. चार वर्षांपूर्वी पतसंस्थेत नोकरीला असताना डोकं सारखं दुखायचं म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला आणि चष्मा राहू दे, आधी बीपी बघून या म्हणाले. १९०/११० निघालं. मग क्रिएटिनिन, सोनोग्राफी, आणि दोन्ही किडन्या आक्रसल्याचं निदान. अडीच वर्षं झाली डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. आई किडनी द्यायला तयार होती, पण तपासणीत तिलाच शुगर निघाली. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे नाव नोंदवलंय.

यंदा एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. का, ते सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं हे मला सहा महिन्यांनी कळलं. तेही दवाखान्याच्या जिन्यात, दुसऱ्या एका पेशंटच्या बायकोकडून. तोवर आमची म्हैस आणि आईच्या पाटल्या गेल्या होत्या. सांगणारं माणूस नव्हतं म्हणून गेल्या. मला ते सांगणारं माणूस व्हायचंय.

कॉलेजात सोमवार ते गुरुवार लेक्चर आणि शुक्रवार-शनिवार क्षेत्रकार्य. डायलिसिस मी संध्याकाळच्या शिफ्टला, पाच ते नऊ, घेतलंय. शुक्रवारी गावातून तीनची एसटी चुकली की सगळं कोलमडतं. तरी ते निभतंय. खरी अडचण वेगळीच आली.

क्षेत्रकार्याला मसूरच्या बाजूचं एक गाव मिळालंय, त्यातली बौद्धवस्ती माझ्याकडे आहे. पहिल्या शुक्रवारी सर्वेक्षणाला सहा घरं केली. सहा घरी पाणी, सहा घरी चहा. मला दिवसाला पाऊण लिटर चालतं, त्यात दूध, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. शनिवारी पुन्हा तेच झालं. सोमवारी वजन चार किलो वाढलेलं. तेवढं पाणी चार तासांत काढताना पायात असे गोळे आले की मी ओरडले, आणि शेवटी बीपी ८० वर उतरलं.

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी 'नको, आत्ताच घेतला' म्हणायला लागले. तिसऱ्या घरी एका आजींनी पाण्याचा तांब्या माझ्यासमोरून उचलला, आत नेऊन ठेवला, आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मार्गदर्शकांनी पहिल्याच आयसीत, म्हणजे एकेकट्याच्या भेटीत, बजावलं होतं की सेवार्थीसमोर, म्हणजे ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यासमोर, स्वतःचं दुखणं काढायचं नाही. मी मान खाली घालून फॉर्म भरला आणि उठले. अहवालात हा प्रसंग लिहिला, तर त्यावर शेरा आला, 'आजारपणाचं भांडवल करू नये.'

मला दोन गोष्टी विचारायच्यात. गंभीर आजार सांभाळून कुणी ही डिग्री पूर्ण केली आहे का? आणि त्या आजींच्या दारात मी आता कुठल्या तोंडाने जाऊ?

---

वेण्णा
१८ ऑगस्ट, रात्री ११.२५

उरमोडी, मी केलीय. मला ल्युपस आहे, म्हणजे अंगाची प्रतिकारशक्ती अंगावरच उलटते. उन्हाचा त्रास, सांधे धरायचे, दर दोन-तीन महिन्यांनी ताप. दोन वर्षांची डिग्री तीन वर्षांत झाली, पण झाली.

मी एक चूक केली ती तू करू नकोस. पहिली दोन सत्रं मी कुणाला काही सांगितलं नाही. बाह्या लांब, छत्री कायम, आणि चेहऱ्यावर चट्टा आला की ॲलर्जी म्हणायचे. वर्गातल्या मुलींना वाटायचं मी कामचुकार आहे. शिबिरात श्रमदानाला दुपारी दोन तास उन्हात उभी राहिले, आणि पुढचे अकरा दिवस ॲडमिट. त्यानंतर सांगितलं तर तेच लोक म्हणाले, आधी का नाही बोललीस?

प्राचार्यांना लेखी दे. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

चहाचं मला सुचत नाहीये. माझ्यावर ती वेळ आली नव्हती.

---

तारळे खोरे
१९ ऑगस्ट, सकाळी ७.१०

ताई, राग मानू नका, पण वर्षभर थांबलात तर काय बिघडेल? माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर होता. नोकरी सोडायची नाही म्हणून तीनाचे दोन वेळा केले, दोनाचे कधी एक. पुढचं लिहीत नाही. एसटीचे धक्के, वस्तीतली धूळ, हातात सुया टोचलेल्या. डिग्री कुठे पळून जातेय? आधी प्रत्यारोपण होऊ द्या.

---

उरमोडी
१९ ऑगस्ट, दुपारी २.०५

दादा, राग कसला. तुमच्या भावाचं वाचून हात थांबला.

पण प्रत्यारोपण कधी होईल हे कुणी सांगू शकत नाही. आमच्या युनिटला काही जण बरीच वर्षं यादीत आहेत. मी डिग्रीसाठी थांबले तर उद्या लग्नासाठी थांबेन, परवा कशासाठी तरी. घरी बसून होते तेव्हाचं एक वर्ष मी बघितलंय. दोन डायलिसिसच्या मधला दिवस म्हणजे पुढच्या डायलिसिसची वाट बघणं, एवढंच उरलं होतं.

एक मात्र शब्द देते. डायलिसिस एकही चुकवणार नाही आणि अर्धा तासही कमी करणार नाही. परीक्षा असली तरी.

---

दुसरी शिफ्ट
१९ ऑगस्ट, रात्री ९.५०

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, सातारा जिल्ह्यातच. पाण्याबद्दल चार शब्द.

तहान पाण्याने भागते असं वाटतं, पण तुमच्यासारख्यांची तहान मिठाने लागते. क्षेत्रकार्याच्या दिवशी डब्यात लोणचं, पापड, चटणी, फरसाण काही नको. मीठ कमी पडलं की पाऊण लिटर पुरतं, हे मी रोज बघतो. लिंबाची फोड चोखा, दोन बर्फाचे खडे थर्मासमध्ये न्या. वितळल्यावर तेही पाणीच, ते हिशेबात धरा.

घरचा वजनकाटा घ्या. शुक्रवारी सकाळी आणि रात्री डायलिसिसनंतर, शनिवारी घरी आल्यावर, रविवारी. शुक्रवार रात्र ते सोमवार संध्याकाळ हा तुमचा सगळ्यात लांब खंड आहे आणि नेमका शनिवार त्यात येतो. म्हणजे शुक्रवारी घोटभर जास्त झालं तर त्याच संध्याकाळी निघतं, शनिवारचं मात्र सोमवारपर्यंत अंगात बसतं. घरभेटी शुक्रवारी करा, शनिवारी शाळा, ग्रामपंचायत, गटाच्या बैठका ठेवा.

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडून घेतलेल्या, हातावर पिशवी अडकवू नका, एसटीत उभं राहावं लागलं तर त्या हाताने दांडा धरू नका, आणि गावातल्या आरोग्य शिबिरात कुणी हौसेने बीपी मोजायला लागलं तर दुसरा हात पुढे करा.

अजून एक. तुम्ही लोकांना आजार सांगितला तर ते प्रेमाने शहाळं आणतील. आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं, केळी आणि मोसंबी हेच देतात. तुम्हाला तिन्ही नको, आणि शहाळं तर नाहीच. त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडून पेशंट गेलेले मी पाहिलेत. सांगणार असाल तर हेही त्याच वेळी सांगा.

---

माणगंगा
२० ऑगस्ट, सकाळी ६.३०

मी अशाच वस्तीत वाढलोय, म्हणून लिहितो.

आमच्या घरी सर्व्हेवाले, बँकवाले, शिक्षक, निवडणुकीवाले सगळे यायचे. आई कपबशी धुऊन ठेवायची, घरातली सगळ्यात चांगली. आणि आम्ही पोरं दाराआडून एवढंच बघायचो, पितोय का. कुणाचा उपवास असायचा. कुणी 'आत्ताच घेतला' म्हणायचं. कुणाला पित्त. एकाने कप हातात धरला, अर्धा तास बोलला, आणि तसाच खाली ठेवून गेला. आईने तो चहा मोरीत ओतला तेव्हा ती काही बोलली नाही. मला तिचा चेहरा आजही आठवतो.

ताई, तुम्ही जे वाक्य वापरलं, 'आत्ताच घेतला', ते आमच्याकडे तीन पिढ्यांनी ऐकलंय. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला इथे वाचून कळलं. आजींना कुठून कळणार?

मागच्या ऑक्टोबरात आमच्या गावात एक नर्सबाई बदलून आल्या. त्यांना डायबेटिस. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, साखर चालत नाही, पण तुमच्या चुलीवरचा कोरा चहा दोन घोट द्या. झालं. दोन घोटांनीच काम भागलं.

कारण खरं सांगा, आणि घोटभर घ्याच. कोरडं कारण नुसतं देऊ नका. घोटाने तुमच्या अंगात किती पाणी जाईल ते टेक्निशियन दादा सांगतील.

---

दुसरी शिफ्ट
२० ऑगस्ट, सकाळी ८.१५

एक घोट साधारण २० ते ३० मिली. सहा घरं झाली तरी पावशेराच्या आत. बाकीचा दिवस सांभाळलात तर चालेल.

---

जुना वॉर्ड
२० ऑगस्ट, रात्री १०.३०

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. हा धागा कालपासून तीनदा वाचला.

आधी तुमच्या शेऱ्याबद्दल. मार्गदर्शकांचा मुद्दा पूर्ण चूक नाही, पण चुकीच्या जागी लावलाय. समाजकार्याचे अभ्यासक बिस्टेक यांनी १९५७ मध्ये वैयक्तिक सहाय्यकार्याची, म्हणजे एकेका माणसाबरोबर करायच्या कामाची, सात तत्त्वं मांडली, ती तुम्हाला पहिल्या सत्रालाच आहेत. त्यात 'नियंत्रित भावनिक सहभाग' आहे. याचा अर्थ कार्यकर्त्याने दगड व्हायचं असा कुणी घेतला तर तो गैरसमज. भावना असाव्यात, पण त्या सेवार्थीच्या उपयोगाच्या असाव्यात. माझ्याकडे एक विद्यार्थिनी यायची, स्वतः कर्करोगातून उठलेली. वॉर्डात नव्या पेशंटजवळ बसली की पाच मिनिटांत स्वतःच्या केमोची गोष्ट सुरू करायची. पेशंट बिचारा तिलाच धीर द्यायचा. ते टाळायचं असतं. स्वतःचं दुखणं काढू नये, हा नियम तेवढ्यासाठी आहे.

तुमच्या बाबतीत नेमकं उलट झालं. तुम्ही गप्प राहिलात आणि त्याचं दुखणं आजींना झालं.

तुम्ही ज्या मसूरच्या बाजूला जाता, त्या मसूर स्टेशनवर १९०१ साली भीमराव आंबेडकर उतरले होते. दहा वर्षांचं वय, साताऱ्याच्या शाळेत नाव घालून वर्ष झालं नव्हतं. ७ नोव्हेंबर १९०० चा तो प्रवेश, ज्याचा आपण आता विद्यार्थी दिवस करतो. बरोबर घरचीच मुलं होती, वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तर आधी नीट बोलला. जात कळल्यावर चेहरा बदलला. बैलगाडीवाले नेईनात, शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला तर गाडी मुलांनीच हाकायची अशी अट. शिदोरी जवळ होती, पण पाणी कुणी दिलं नाही, म्हणून रात्रभर पोरं उपाशी राहिली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

त्या परिसरात, त्या समाजाच्या घरात, तांब्या परत जातो तेव्हा त्याचा अर्थ तुम्ही ठरवत नसता. तुमचा आजार तुमचा खासगी, कुणाला किती सांगायचा हा हक्क तुमचा. पण इथे न सांगण्याची किंमत त्या बाई मोजतायत. म्हणून सांगा. चार वाक्यांत सांगा, पाचव्या वाक्याला त्यांच्याकडे वळा. आणि अहवालात पुन्हा लिहा, या वेळी 'मला काय वाटलं' याऐवजी 'त्यांना काय वाटलं असेल' यावर.

आपल्या पेशाचा जन्मच यातून आहे. १९०५ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या लक्षात आलं की औषध लिहून दिलं तरी पेशंट परत त्याच घरात, त्याच कामावर जातो आणि पुन्हा आजारी पडतो. म्हणून त्यांनी बाह्यरुग्ण विभागात सामाजिक कार्यकर्ती नेमली. आपल्याकडे १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली नेमणूक झाली. तुमची म्हैस आणि पाटल्या ज्या कारणाने गेल्या, ती पोकळी भरायला हे पद आहे. तुम्ही या पेशात यायलाच हव्यात.

---

कागदपत्र
२१ ऑगस्ट, दुपारी १२.२०

कायद्याच्या बाजूने, कारण वर कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स हे त्यात आहेत. किडनी निकामी होणं नाही. त्यामुळे उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा किंवा वयाची सवलत तुम्हाला लागू होत नाही. आठवड्याचे बारा तास मशीनला जोडलेल्या माणसाला हा कायदा ओळखत नाही, हे मला वैयक्तिकरीत्या पटत नाही. पण आज स्थिती ही आहे. वेण्णा यांचा ल्युपससुद्धा यादीत नावाने नाही.

म्हणून तुमचा मार्ग विनंती अर्जाचा. नेफ्रॉलॉजिस्टच्या (किडनीच्या डॉक्टरांच्या) लेटरहेडवर तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: डायलिसिसचे वार आणि वेळ, तो चुकवल्यास जिवाला धोका, आणि कुठल्या कामांची मनाई. 'विश्रांतीची गरज आहे' असं मोघम पत्र कॉलेजात फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी तारखा ताडून बघा.

सगळं अगदीच अशक्य झालं तर इग्नूची एमएसडब्ल्यू आहे. किमान दोन, कमाल चार वर्षांत पुरी करता येते. क्षेत्रकार्य मात्र तिथेही करावंच लागतं.

पुढच्या नोकरीच्या दृष्टीने एक. अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, २०११ ला सुधारला. त्यात प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला समन्वयक नेमणं बंधनकारक आहे, आणि २०१४ च्या नियमांत त्या पदासाठी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला पसंती दिलीय.

---

उरमोडी
२१ ऑगस्ट, रात्री ११.५५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. डायलिसिसवरून आत्ताच आले, डोकं जड आहे. माणगंगा दादा, तुमच्या आईंचा चहा मोरीत ओतल्याचं वाचलं आणि मशीनवर असतानाच रडू आलं. सिस्टरला वाटलं सुई दुखतेय.

आज शुक्रवार होता, पण धीर झाला नाही. त्या घरासमोरून गेले, आत गेले नाही.

---

माणगंगा
२२ ऑगस्ट, सकाळी ६.१५

पुढच्या शुक्रवारी जा. उशीर झाला की तो तांब्या जड होत जातो.

---

उरमोडी
१२ सप्टेंबर, रात्री १०.३०

गेले होते. २८ तारखेलाच गेले, लिहायला उशीर झाला कारण मध्ये फिस्टुलाला सूज आली होती.

आजी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून 'या' म्हणाल्या, पण हात थांबले नाहीत. मी शेजारी बसले आणि म्हणाले, आजी, त्या दिवशी मी पाणी घेतलं नाही त्याचं खरं कारण सांगायचं राहिलं. माझ्या किडन्या गेल्यात. पाणी अंगातून बाहेर पडत नाही, मशीन काढतं. म्हणून मोजून प्यावं लागतं. तुमच्या हातचं नको म्हणून नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विश्वास बसला नाही हे दिसलं. तरण्या पोरीला किडनीचं कसं? मग मी ओढणी बाजूला करून हात पुढे केला. फिस्टुलाची फुगलेली शीर बघून त्यांनी हातातली शेंग टाकली. बोट लावू का विचारलं. लावलं, आणि झटक्यात मागे घेतलं. मग पुन्हा लावलं. "मांजर घुरघुरल्यागत वाजतंय की गं!"

मी म्हणाले, ते वाजतंय तोवर मी आहे.

आत जाऊन त्यांनी चहा टाकला. नातवाला दूध पाजायचं एवढंसं वाटीचं भांडं असतं ना, त्यात दोन घोट आणला. मी प्यायले. जुना वॉर्ड काका म्हणाले तसं पाचव्या वाक्याला त्यांच्याकडे वळायचं होतं, पण मला वळावंच लागलं नाही. त्याच म्हणाल्या, "आमच्या चुलत दिराच्या पोराचं बी ह्येच हाय. त्यो मशीनवर जायचा, आता जात न्हाय."

ट्रकवर क्लीनर होता, वय ३४. योजनेत नाव आहे, डायलिसिसला पैसे लागत नाहीत. लागतात ते जाण्या-येण्याचे. आठवड्यातून तीनदा दोन माणसांचं एसटीभाडं, आणि ज्या दिवशी तो जातो त्या दिवशी बायकोचा रोजगार बुडतो. म्हणून तीनाचे दोन झाले, मग एक. तारळेचे दादा, मला तुमचा भाऊ आठवला.

त्याच दुपारी त्याच्या घरी गेले. पाय सुजलेले, उताणं झोपता येत नव्हतं, बसूनच दम खात होता. मी टेक्निशियन नाही, डॉक्टर नाही, पण छातीत पाणी भरलं की बसून झोपावं लागतं हे मला स्वतःवरून माहीत आहे. सरपंचांची गाडी मिळवली आणि त्याला कराडला पोचवलं. त्या दिवशी माझी तीनची एसटी चुकली. युनिटला फोन केला, त्यांनी मला सातला मशीन दिलं, रात्री अकराला संपलं.

आता तो तीन वेळा जातोय.

मार्गदर्शकांना पत्र दिलं, आवक क्रमांकासह. घरभेटी शुक्रवारी, शनिवारी शाळा, हे त्यांनी मान्य केलं. ग्रामीण शिबिराबद्दल अजून 'बघू' म्हणतात. तिथे सलग सात दिवस मुक्काम आहे आणि मला मधे तीनदा साताऱ्याला यायचंय. पहिल्या शेऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही. नवा अहवाल त्यांनी वर्गात वाचून दाखवला, नाव न घेता.

वजन अजून अडीच-तीन किलो वाढतंय. लोणचं सुटत नाहीये.

---

दुसरी शिफ्ट
१२ सप्टेंबर, रात्री ११.०५

लोणचं सोडा, ताई. बाकी सगळं वाचून छाती भरून आली. सूज उतरली का? फिस्टुलाचा आवाज कमी वाटला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा.

---

जुना वॉर्ड
१३ सप्टेंबर, सकाळी ९.४०

त्या मुलाच्या बायकोचा बुडणारा रोजगार हे तुमचं पुढचं काम. डायलिसिसच्या पेशंटला एसटीची प्रवास सवलत आहे, त्यासाठी कागद करा. आणि त्याला एकट्याने जाता येईल इतकी ताकद आली की त्या बाई तीन दिवस कामावर जाऊ शकतील. रक्त किती आहे बघा, हिमोग्लोबिन कमी असेल तर युनिटमध्ये इंजेक्शनचं विचारा.

---

उरमोडी
१३ सप्टेंबर, दुपारी १.२०

हिमोग्लोबिन ६.८ आहे काका, काल रिपोर्ट बघितला. सोमवारी युनिटला विचारते.

एसटीच्या सवलतीचं माझं स्वतःचंच कार्ड मी अजून काढलेलं नाही, आजारी म्हणून ओळखपत्र दाखवायला नको वाटायचं. या आठवड्यात त्याचं आणि माझं दोन्ही अर्ज एकदम करतेय. सातारा आगारात नेमकं कुठल्या खिडकीवर जायचं, कुणी अलीकडे जाऊन आलंय का?

---

वेण्णा
१३ सप्टेंबर, दुपारी १.४५

मला मंगळवारी स्टँडवर यायचंच आहे. दहा वाजता ये, बरोबर जाऊन विचारू. डॉक्टरांचं पत्र, आधार आणि दोन फोटो घेऊन ये, त्याचेही.